घरगुती तेलघाणा: यंत्र काय करतं आणि बी काय ठरवते

ओट्यावर मावणारा, विजेवर चालणारा, मळसूत्री दाबाचा छोटा तेलघाणा घ्यावा का? महिन्याला दोन-तीन लिटर तेल पुरत असेल, बिया निवडून-वाळवून घ्यायची तयारी असेल आणि लागेल तसं ताजं तेल काढायचं असेल, तर जरूर घ्यावा. वर्षभराचं तेल एकदम काढून भरून ठेवायचं असेल, तर घेऊ नये. आणि या यंत्रातून निघालं की कुठलंही तेल आपोआप पथ्याचं होतं अशी समजूत असेल, तर आधी ती समजूत तपासावी. तेल ज्यांचं बनतं ती मेदाम्लं कोणती आणि किती, हे बी ठरवते. बीमधलं किती तेल बाहेर येतं, ते किती नितळ येतं आणि त्यात पाणी, गाळ, धातूची कीस किती उतरते, एवढंच यंत्राच्या हातात असतं. या मर्यादेत मात्र ते चोख काम करू शकतं, आणि न करण्याची कारणं बहुतेक वेळा यंत्रात नसून बीमध्ये असतात.

हे परीक्षण ३५० ते ७०० वॅटच्या घरगुती यंत्रांचं आहे. वरचं आवरण आणि बटणं वेगवेगळी असली तरी आतली रचना जवळपास एकच असते: मोटार, तिचा वेग उतरवणारे गिअर, स्टेनलेस स्टीलचं मळसूत्र, त्याभोवती बसणारी नळी, नळीला तेल गळण्यासाठी ठेवलेल्या बारीक फटी, नळी तापवणारा हीटर, वर बिया टाकायचं हॉपर आणि पुढच्या टोकाला पेंड बाहेर पडायची अरुंद वाट. ही कल्पना जुनी आहे. अखंड चालणारा मळसूत्री घाणा व्हॅलेरियस अँडरसनने अमेरिकेत १९०० साली बनवला. त्याआधीच्या दाबयंत्रांत माल भरायचा, दाबायचा, रिकामा करायचा आणि पुन्हा भरायचा, असं चालायचं. आजचं घरगुती यंत्र हे त्याच घाण्याचं लहान रूप.

काम कसं चालतं ते समजलं की बिघाड ओळखणं सोपं जातं. मळसूत्राचा गाभा मागून पुढे जाडसर होत जातो, म्हणजे बीला मिळणारी जागा पुढे पुढे कमी होते. बी चिरडते, दाब वाढतो, तेल फटींतून खाली उतरतं आणि उरलेली पेंड तोंडाशी घट्ट दाबली जाते. या तोंडाशी पेंडीचं बूच तयार होणं हाच सगळ्याचा पाया आहे. बूच बसेपर्यंत आत दाबच तयार होत नाही. म्हणून सुरुवातीची काही मिनिटं अर्धवट चिरडलेला, ओशट चुरा बाहेर येतो. त्यात यंत्राचा दोष नसतो. तो चुरा पुन्हा हॉपरमध्ये टाकायचा. बूच नीट बसलं की पेंड पातळ, कडक, किंचित वळलेल्या पापुद्र्यासारखी बाहेर पडते आणि हाताला जेमतेम तेलकट लागते. पेंड मऊ आणि चमकदार असेल तर तेल आत राहतंय. पेंड काळपट आणि करपल्या वासाची असेल तर दाब किंवा उष्णता जास्त झाली आहे. तेलाच्या धारेपेक्षा पेंडीकडे लक्ष ठेवावं, ती जास्त खरं सांगते.

उतारा किती मिळेल, याबद्दल डब्यावरचे आकडे बाजूला ठेवून साधा हिशेब करू. शेंगदाण्यात साधारण ४५ ते ५० टक्के तेल असतं. ४८ टक्के धरले तर १ किलो दाण्यांत ४८० ग्रॅम. चांगल्या तयारीने घरगुती यंत्र त्यातलं ३५० ते ४०० ग्रॅम बाहेर काढतं. तेलाची घनता ०.९१ ते ०.९२ असल्यामुळे ३८० ग्रॅम म्हणजे सुमारे ४१५ मिलिलिटर. पेंड उरते सुमारे ६०० ग्रॅम आणि तिच्यात अजून १०० ग्रॅम तेल असतं, म्हणजे जवळपास सहावा हिस्सा. मोठ्या कारखान्यातले घाणे पेंडीत ५ ते ८ टक्क्यांवर थांबतात आणि हेक्झेनसारख्या द्रावकाने काढलं तर १ टक्क्याहूनही कमी उरतं. या छोट्या यंत्राकडून ती अपेक्षा धरू नये. तिळातही तेलाचं प्रमाण साधारण ५० टक्के, त्यामुळे उतारा शेंगदाण्याच्या आसपासच. जवस आणि मोहरीत ३५ ते ४२ टक्के, म्हणून किलोला २५० ते ३०० ग्रॅम मिळालं तरी काम चांगलं झालं असं समजावं. सुक्या खोबऱ्यात ६० टक्क्यांहून जास्त तेल असतं, पण ते दाबणं सगळ्यात अवघड. त्याचं कारण पुढे येईल. सोयाबीनमध्ये फक्त १८ ते २० टक्के तेल. या यंत्रात ते घालणं म्हणजे वीज आणि मेहनत वाया.

आता ओलावा. या यंत्रांबद्दलच्या दहा तक्रारींतल्या बहुतेक इथे येऊन थांबतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. दाबायच्या वेळी बीमध्ये ५ ते ७ टक्के ओलावा असावा. ९-१० टक्क्यांवर गेला की बी चिरडून लगदा होतो, लगद्याला नळीची पकड मिळत नाही, मळसूत्राबरोबर तो जागच्या जागी फिरत राहतो आणि पुढे सरकतच नाही. जे थोडं तेल येतं ते पांढुरकं आणि फेसाळ. उलट ओलावा ३-४ टक्क्यांवर उतरला की बी ठिसूळ होते, तिचं पीठ होतं, पेंड दगडासारखी घट्ट बसते आणि यंत्र अडकतं. तापमानही वाढतं आणि तेल गडद होतं.

ओलावा मोजायला महागडं उपकरण लागत नाही. बारीक कुटलेलं १० ग्रॅम बी ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर तोलायचं, १०३ अंश सेल्सियसच्या ओव्हनमध्ये तीन तास ठेवायचं, बंद डब्यात थंड करून पुन्हा तोलायचं, मग तासातासाने वजन बदलणं थांबेपर्यंत पाहायचं. ०.६ ग्रॅम घट आली तर ओलावा ६ टक्के. काटा नसेल तर दाणा मोडून पाहावा: स्वच्छ 'कट्' आवाज करून तुटला तर ठीक, वाकून मग तुटला तर ओला, बोटांत चुरगळून भुगा झाला तर कोरडा. जास्त ओल्या बिया पातळ पसरून वाळवाव्यात. जास्त कोरड्या बियांना पाणी द्यावं लागतं आणि इथे अंदाजपंचे चालत नाही. ४ टक्के ओलावा असलेल्या १ किलो बीमध्ये कोरडा माल ९६० ग्रॅम. ओलावा ६ टक्क्यांवर आणायचा, म्हणजे कोरडा माल एकूणाच्या ९४ टक्के व्हायचा, तर एकूण वजन १०२१ ग्रॅम हवं. म्हणजे पाणी फक्त २१ मिलिलिटर, जेमतेम दीड मोठा चमचा. ते शिंपडून, घट्ट झाकणाच्या डब्यात हलवून, रात्रभर मुरू द्यायचं. लगेच दाबलं तर साल ओली आणि गर कोरडा राहतो, आणि दोन्ही बाजूंचे त्रास एकदम होतात.

बी कोमट करून घातली तर उतारा वाढतो. तेल बीच्या पेशींमध्ये प्रथिनांचं वेष्टण असलेल्या अतिसूक्ष्म थेंबांच्या रूपात असतं. उष्णतेने वेष्टणाची प्रथिनं गोठतात, थेंब एकमेकांत मिसळतात आणि तेल पातळ होऊन सहज वाहतं. शेंगदाणे ५०-६० अंशांपर्यंत, म्हणजे मुठीत धरले तर गरम लागतील पण चटका बसणार नाही इतके, तापवले तरी पुरतं. त्यापुढे भाजणं हा चवीचा प्रश्न. खमंग भाजलेल्या तिळाच्या तेलाला वेगळा वास येतो, आणि भाजण्यात तिळातल्या सेसमोलिनपासून सेसमोल हे ऑक्सिडीकरण रोखणारं द्रव्य बनत असल्यामुळे ते तेल खवटपणालाही चांगलं तोंड देतं. पण भाजून काढलेल्या तेलाला 'कोल्ड प्रेस' म्हणता येत नाही.

या 'कोल्ड प्रेस' बटणाबद्दल स्पष्ट सांगायला हवं. ते दाबलं की फक्त हीटर बंद होतो. घर्षणाची उष्णता राहतेच आणि तेल ४५ ते ६० अंशांवर बाहेर येतं. आंतरराष्ट्रीय अन्नमानकं ठरवणाऱ्या कोडेक्सच्या व्याख्येत अशा तेलासाठी उष्णता न देता फक्त यांत्रिक पद्धतीने काढलेलं आणि पाण्याने धुणं, निवळणं, गाळणं किंवा सेंट्रिफ्यूज यांपलीकडे शुद्धीकरण न केलेलं तेल, एवढं म्हटलं आहे. अंशांचा आकडा दिलेला नाही. २७ अंशांची जी मर्यादा सगळीकडे ऐकू येते ती युरोपीय संघाच्या ऑलिव्ह तेलाच्या नियमातली आहे आणि ऑलिव्ह हे फळ आहे, तेलबी नव्हे. महत्त्वाची गोष्ट ही की काही मिनिटं ६० अंशांवर राहिल्याने मेदाम्लांची रचना बदलत नाही. बदलतो तो वास, रंग आणि तेलात उतरणाऱ्या फॉस्फोलिपिडांचं (फॉस्फरस असलेल्या, गाळ बनवणाऱ्या मेदांचं) प्रमाण. तेव्हा हीटर लावला म्हणून तेल वाया गेलं, असं समजण्याचं कारण नाही. उलट हीटर पूर्ण बंद ठेवून थंड यंत्रात सुरुवात केली तर अडकण्याची शक्यता वाढते. नळी ८-१० मिनिटं तापवून, बिया चालू झाल्यावर हीटर बंद करणं हा मधला मार्ग सगळ्यात व्यवहार्य आहे.

यंत्र अडकलं तर काय करावं? मोटार गुरगुरते पण मळसूत्र फिरत नाही, अशा वेळी चालू बटण दाबून धरणं म्हणजे मोटार जाळणं. बंद करावं, नळी १० मिनिटं तापवावी, मग उलटं फिरवायचं बटण काही सेकंदच दाबून सोडावं. तरी सुटलं नाही तर वीज काढून तोंडाचा नट सोडवावा आणि बूच बाहेर खेचावं. आदल्या वेळी आत राहिलेली पेंड वाळून सिमेंटसारखी झालेली असणं हे अडकण्याचं नेहमीचं कारण. दुसरं कारण खडे. एवढासा खडा मळसूत्राची धार बोथट करतो, म्हणून बिया चाळून आणि डोळ्यांनी निवडूनच घ्याव्यात.

खोबरं, अक्रोड आणि सोललेले तीळ यांचा त्रास वेगळा. यांत तेल भरपूर पण तंतुमय भाग कमी, त्यामुळे आत घर्षण तयार होत नाही आणि लोण्यासारखा लगदा मागे हॉपरकडे चढतो. उपाय सोपा आहे: आधीच्या फेरीची कोरडी पेंड १० टक्क्यांपर्यंत मिसळावी किंवा काही बिया सालीसकट घ्याव्यात. खोबऱ्याचे साबुदाण्याएवढे तुकडे करून ते चांगले वाळवावेत. मोठे तुकडे मळसूत्राच्या तोंडात धरतच नाहीत.

तेल फटींऐवजी मागच्या बाजूने झिरपत असेल तर फटी बुजल्या आहेत. तेलात करडी झाक दिसत असेल तर ती धातूची आहे: नवीन यंत्राची पहिली फेरी, किंवा रिकामं फिरवल्यामुळे मळसूत्र नळीवर घासलेलं. पहिल्या फेरीचं तेल आणि पेंड दोन्ही फेकून द्यावीत आणि यंत्र रिकामं कधीही चालवू नये. यात नुसत्या स्वच्छतेचा प्रश्न नाही. लोह आणि तांबं तेलाचं ऑक्सिडीकरण झपाट्याने वाढवतात. म्हणूनच कोडेक्स मानकात शुद्ध न केलेल्या तेलालाही तांब्याची मर्यादा किलोला ०.४ मिलिग्रॅम आणि लोहाची ५ मिलिग्रॅम इतकीच आहे. तेलाला लागणारा एकही भाग पितळी किंवा तांब्याचा नसावा.

यंत्राबरोबर मिळणारी गाळणी हा या सगळ्या यंत्रांचा सर्वात कमकुवत भाग. जाळी दोन मिनिटांत बुजते आणि मग तेल कडेने न गाळता उतरतं. तिच्याकडून फक्त भरड चुरा अडवण्याचं काम करून घ्यावं. खरं काम निवळण्याचं. उंच, अरुंद, पूर्ण कोरड्या काचेच्या भांड्यात तेल झाकून अंधारात दोन-तीन दिवस ठेवावं. कण खाली बसण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतो. अर्ध्या आकाराचा कण चौपट वेळ घेतो. म्हणून भरड गाळ काही तासांत खाली बसतो आणि शेवटची धूसर झाक जाता जात नाही. तेल ३५-४० अंशांपर्यंत कोमट असेल तर पातळपणामुळे हा वेळ बराच कमी होतो. मग वरचं तेल नळीने किंवा अलगद ओतून काढावं आणि चौपदरी सुती कापडातून आपल्या आपण गळू द्यावं. कापड पिळायचं नाही, पिळलं की अडवलेला सगळा गाळ पुन्हा तेलात. खाली उरलेला साका पुढच्या फेरीत बियांबरोबर घालता येतो, पण एक-दोन दिवसांत. तो आधी खवट होतो.

हा साका काढण्याचा आग्रह दिसण्यासाठी नाही. त्यात प्रथिनं आणि पाणी असतं. तळताना फेस येतो आणि बुडाला काळं करपतं ते त्यानेच, आणि साठवणीत पाण्यामुळे मेदाम्लं सुटी होऊन तेलाची आम्लता वाढते. तेलात पाणी राहिलंय का ते पाहायला एक चमचा तेल कोरड्या पळीत तापवावं. तडतडलं तर पाणी आहे.

साठवण बीनुसार बदलते, आणि इथून आपण मेदांच्या गोष्टीत शिरतो. तेल म्हणजे मुख्यतः ट्रायग्लिसराइड: एका ग्लिसरॉलला जोडलेली तीन मेदाम्लं. मेदाम्लाच्या साखळीत दुहेरी बंध नसेल तर ते संपृक्त, एक असेल तर एकल असंपृक्त, दोन किंवा जास्त असतील तर बहु-असंपृक्त. दुहेरी बंध जितके जास्त तितकं ते ऑक्सिजनमुळे लवकर खराब होतं. ढोबळमानाने ओलिक आम्लाच्या तुलनेत लिनोलिक आम्ल दहापट वेगाने आणि लिनोलेनिक वीसपट वेगाने खराब होतं. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त अल्फा-लिनोलेनिक आम्ल असतं, म्हणून ते गडद बाटलीत काठोकाठ भरून फ्रिजमध्ये ठेवावं आणि तीन-चार आठवड्यांत संपवावं. तिळाचं आणि शेंगदाण्याचं तेल थंड, अंधाऱ्या जागी दोन-तीन महिने चांगलं राहतं. खोबरेल जवळपास सगळं संपृक्त असल्यामुळे त्याहूनही टिकतं. २४ अंशांखाली ते गोठतं, तो बिघाड नव्हे. बाटली पारदर्शक असेल तर प्रकाशामुळे हे सगळे हिशेब कोलमडतात, कारण बीमधून उतरलेलं हरितद्रव्य प्रकाशात ऑक्सिडीकरणाला चालना देतं. आणि या तेलात ओला लसूण किंवा ताजी पानं बुडवून बाहेर ठेवू नयेत. तेलाखाली हवा नसते आणि ओलाव्याच्या त्या जागी क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जीवघेणं विष बनवणारा जिवाणू वाढू शकतो.

खाण्याच्या दृष्टीने आकडे पाहू. शेंगदाणा तेलात संपृक्त १७ ते २० टक्के, एकल असंपृक्त निम्म्याच्या आसपास, बाकी बहु-असंपृक्त. तिळाच्या तेलात संपृक्त १५ टक्क्यांच्या आसपास आणि उरलेले दोन्ही प्रकार जवळपास सारखे. नेहमीच्या सूर्यफुलात बहु-असंपृक्त ६० टक्क्यांच्या पुढे, करडईत ७५ टक्क्यांच्या आसपास. खोबरेलात संपृक्त ८० टक्क्यांहून जास्त, त्यातलं जवळपास निम्मं लॉरिक आम्ल. मोहरीच्या अनेक जातींत एरुसिक आम्लाचं, म्हणजे जास्त प्रमाणात हृदयाला अपायकारक समजल्या जाणाऱ्या मेदाम्लाचं, प्रमाण मोठं असतं. कमी एरुसिक म्हणून विकल्या जाणाऱ्या जातींसाठी मर्यादा २ टक्के आहे, म्हणून बियाणं कोणतं ते विचारूनच घ्यावं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी एकूण मेद रोजच्या ऊर्जेच्या ३० टक्के किंवा त्याहून कमी, संपृक्त १० टक्क्यांपर्यंत आणि ट्रान्स मेद (हृदयाला घातक प्रकार) १ टक्क्यापर्यंत ठेवावेत. २००० किलोकॅलरींच्या आहारात, १ ग्रॅम मेदाचे ९ किलोकॅलरी धरून, हे आकडे ६७ ग्रॅम, २२ ग्रॅम आणि २ ग्रॅमच्या आसपास येतात. यात दूध, अंडी, सुकामेवा, सगळ्या पदार्थांतला मेद धरलेला आहे, फक्त बाटलीतलं तेल नव्हे. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १४ ग्रॅम. शेंगदाणा तेलाच्या चमच्यातून संपृक्त मेद अडीच ग्रॅम येतो, खोबरेलाच्या चमच्यातून साडेअकरा-बारा ग्रॅम, म्हणजे दिवसाच्या मर्यादेच्या निम्म्याहून जास्त. खोबरं घरी दाबलं, बाहेर दाबलं, थंड दाबलं की गरम, हा आकडा हलत नाही. संपृक्त मेदाची जागा बहु-असंपृक्ताने घेतली तर रक्तातलं एलडीएल, म्हणजे रक्तवाहिन्यांत साचणारं, कोलेस्टेरॉल उतरतं. तीच जागा मैदा आणि साखरेने घेतली तर फायदा दिसत नाही. 'कोलेस्टेरॉलमुक्त' या लेबलाने तर हुरळून जाऊच नये, वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नगण्यच असतं.

शरीराला बाहेरूनच घ्यावी लागणारी मेदाम्लं दोन: लिनोलिक आणि अल्फा-लिनोलेनिक. मेद पूर्ण वगळलेल्या आहारावर उंदरांची वाढ खुंटते आणि कातडी खराब होते, हे जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर यांनी १९२९ साली दाखवलं आणि तिथून 'आवश्यक मेदाम्लं' ही कल्पना रुजली. लिनोलिक बहुतेकांना भरपूर मिळतं. अल्फा-लिनोलेनिक कमी पडतं, आणि माझ्या मते या यंत्राचा सगळ्यात मोठा उपयोग इथे आहे. ताज्या जवस तेलाच्या एका लहान चमच्यात, साडेचार ग्रॅममध्ये, सुमारे २.४ ग्रॅम अल्फा-लिनोलेनिक असतं. प्रौढ पुरुषासाठी दिवसाला १.६ आणि स्त्रीसाठी १.१ ग्रॅम पुरेसं मानतात. विकतचं जवस तेल कडवट लागतं ते बहुधा जुनं झाल्यामुळे. घरी काढलेल्याला दाणेदार, सौम्य चव असते. फक्त ते तापवायचं नाही, वरून घ्यायचं. आणि मासळीतल्या ईपीए-डीएचए या लांब साखळीच्या मेदाम्लांची जागा ते पूर्ण भरत नाही, शरीरात तसं रूपांतर फार थोडं होतं.

रिफाइंड तेलाशी तुलना करताना दोन्ही बाजू पाहाव्यात. शुद्धीकरणात सुटी मेदाम्लं, फॉस्फोलिपिडं, वास आणि काही दूषितं निघून जातात. त्याबरोबर जीवनसत्त्व ई आणि स्टेरॉलचाही काही भाग जातो. शेवटच्या टप्प्यात निर्वाताखाली वाफेने २०० अंशांच्या वर तापवताना थोडे ट्रान्स मेद आणि ग्लिसिडिल एस्टरसारखी नको असलेली द्रव्यं तयार होऊ शकतात. न गाळलेल्या, न शुद्ध केलेल्या तेलाचा धूरबिंदू मात्र खालचा असतो. जवसाचं तेल १०७ अंशांच्या आसपासच धुरकटतं; शेंगदाण्याचं कच्चं तेल साधारण १६० अंशांवर. रोज कढईभर तळण करायचं असेल तर हे यंत्र त्या कामासाठी नाही.

शुद्धीकरण नसण्याची एक किंमत गंभीर आहे. शेंगदाण्यावर वाढणाऱ्या ॲस्परजिलस फ्लेव्हस आणि पॅरासिटिकस या बुरशा अफ्लाटॉक्सिन बनवतात. १९६० साली इंग्लंडमध्ये हजारो टर्की पक्षी मेले, तेव्हा खाद्यातल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत माग गेला आणि हे विष ओळखलं गेलं. दाबताना त्याचा बराचसा भाग पेंडीत राहतो, पण काही तेलात आणि विशेषतः गाळात उतरतो. कारखान्यात अल्कलीच्या प्रक्रियेत तो जातो, घरी जात नाही, आणि भाजण्यानेही पूर्ण जात नाही. म्हणून सुरकुतलेला, काळपट, फुटका, बुरशीचा वास असलेला प्रत्येक दाणा काढून टाकणं हे या सगळ्या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं पाऊल आहे. स्वस्तातला 'तेलासाठीचा' दुय्यम माल घेणं इथे अजिबात परवडत नाही. पेंड खायला वापरणार असाल तर आग्रह दुप्पट हवा. जवसाच्या पेंडीत सायनाइड सोडू शकणारी द्रव्यं असतात, ती कच्ची मूठ-मूठ खाऊ नये.

एरंडी आणि सरकी या यंत्रात कधीच घालू नयेत. एरंडीच्या पेंडीत रायसिन हे जहाल विष राहतं आणि त्याच मळसूत्रावर पुढे खायचं तेल निघणार असतं. सरकीतलं गॉसिपॉल हे विषारी द्रव्य शुद्धीकरणाशिवाय जात नाही. भाताचा कोंडाही नको, त्यातलं लायपेज, म्हणजे तेल फोडणारं विकर, भात कांडताच कामाला लागतं आणि घरी पोचेपर्यंत आम्लता वाढलेली असते.

साफसफाई यंत्र कोमट असतानाच करायची. शेवटी मूठभर कोरडी पेंड आतून फिरवली की बरंच तेल आणि लगदा तीच घेऊन बाहेर येते. मग वीज काढून, जाड हातमोजे घालून मळसूत्र बाहेर खेचावं, लाकडी काडीने खाचा खरवडाव्यात, फटी ब्रशने मोकळ्या कराव्यात. थंड झाल्यावर हेच काम चौपट लागतं. हीटर असलेली नळी पाण्यात बुडवू नये. मळसूत्र गरम पाण्यात भिजवलं तर जोडण्याआधी पूर्ण कोरडं करावं.

विकत घेण्याआधी दुकानात यंत्र उघडून दाखवायला सांगावं. मळसूत्र हाताने किंवा एका पान्याने निघतं का, उलटं फिरवायचं बटण आहे का, मोटार तापल्यावर आपोआप बंद होते का, आणि तोंडाची वाट कमी-जास्त करता येते का हे पाहावं. शेवटची सोय नसलेली यंत्रं एखाद्याच बीला नीट चालतात. सलग किती मिनिटं चालवायची परवानगी आहे ते पुस्तिकेत वाचावं; तासाला अमुक किलो या दाव्यापेक्षा तो आकडा उपयोगाचा. मळसूत्र आणि नळी हे झिजणारे भाग आहेत, ते सुटे मिळतात का हे लेखी घ्यावं. मिळत नसतील तर बाकी सगळं कितीही चांगलं असलं तरी ते यंत्र घेऊ नये.